ताटापुढचा पहिला प्रश्न : कशासाठी?

महाशिवरात्रीला हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, श्रीपरमेश्वराची यात्रा भरते. त्या दिवशी गावातील कितीतरी घरांत भाकरी थापली जात नाही. एरवी दुपारच्या जेवणाला पंधरा मिनिटे उशीर झाला तरी अस्वस्थ होणारे गृहस्थ त्या दिवशी शांतपणे उपवास पाळतात. त्यांना कोणी बजावीत नाही, कोणी वजनकाट्यावर उभे करीत नाही, आणि उपवास मोडल्यास काय रोग जडतील याची यादीही कोणी वाचून दाखवीत नाही.

अशाच एका सद्गृहस्थांची हकिकत आज आपल्यापुढे ठेवीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गुरुजी निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. वजन ८४ किलो, गुडघे दुखरे, रक्तातील साखर औषधाने कशीबशी आवाक्यात. सहा वर्षांत तीन निरनिराळ्या डॉक्टरांनी त्यांना ‘वजन कमी करा’ असे सांगितले होते. आहाराचा छापील तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. तो कागद पिवळा पडला; वजनाचा काटा मात्र जागचा हलला नाही.

“माझ्या अंगी मनोनिग्रहच नाही,” गुरुजी म्हणाले.

“शिवरात्रीचा उपवास किती वर्षे करता?” मी विचारले.

“बेचाळीस.”

“एकदाही मोडला नाही?”

गुरुजी किंचित दुखावल्यासारखे झाले. “तो कसा मोडेल?”

वाचकहो, आजच्या लेखाचा विषय या एका उत्तरात आला आहे. ज्यांना आपण ‘मनाने दुबळे’ म्हणतो, त्यांचा निग्रह दुबळा नसतो. ज्या गोष्टीसाठी तो खर्ची घालावा असे त्यांना मनापासून वाटते, त्या गोष्टीशी आहाराचे नाते कोणी जोडून दिलेले नसते, इतकेच. उपवासाला ‘कशासाठी’ हा प्रश्न विचारावा लागत नाही, कारण त्याचे उत्तर लहानपणापासून अंगात मुरलेले असते. आहारतक्त्यात ‘काय’ आणि ‘किती’ असते. ‘कशासाठी’ हा रकाना मात्र कोरा राहतो. तो रकाना डॉक्टर भरू शकत नाहीत, मुलगा-सून भरू शकत नाहीत. तो ज्याचा त्यानेच भरायचा असतो.

भीतीचे आयुष्य थोडे असते

बहुतेक वेळा तो रकाना आपण भीतीने भरतो. साखर वाढेल, पाय जाईल, डोळे जातील. भीतीने माणूस हलतो हे खरे. पण दोन-तीन आठवड्यांत तपासणीचा कागद थोडा बरा आला की भीती ओसरते आणि तिच्याबरोबर पथ्यही ओसरते. कागद वाईट आला, तर माणूस इतका खचतो की समाधानासाठी पुन्हा गोडाकडेच वळतो.

दुसरा मार्ग आकड्याचा. ‘दिवाळीपर्यंत दहा किलो.’ आकडा गाठला की काम संपते, न गाठला की उमेद संपते. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसले की हिमायतनगर स्थानक येते आणि मागे पडते. गाडीची दिशा मात्र कायम राहते. ध्येय हे स्थानकासारखे, मूल्य हे दिशेसारखे. स्वावलंबन, जोडीदाराची सेवा, देवाची भक्ती, शेताची ओढ, शिकवण्याची हौस, नातवंडांना वेळ देणे ही मूल्ये ‘पूर्ण झाली’ असे कधी होत नाही. म्हणूनच ती दररोजच्या जेवणाला पुरतात.

मी गुरुजींना विचारले, “वजन कशासाठी कमी करायचे?”

“साखर वाढू नये म्हणून.”

“आणि साखर वाढू नये, ती कशासाठी?”

गुरुजी गप्प झाले. त्यांची दृष्टी आतल्या खोलीकडे गेली. तिथे त्यांच्या पत्नी पलंगावर होत्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू चालत नाही. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात.

“हिला पलंगावरून खुर्चीत बसविणारा मीच आहे,” ते सावकाश म्हणाले. “माझे गुडघे गेले, तर हिचे कोण करील?”

सहा वर्षांत कोणत्याही तक्त्यावर न लिहिलेले वाक्य ते हेच. त्याच संध्याकाळी त्यांनी ते वहीच्या पानावर लिहिले आणि औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून लावले.

बारशाची एक पंगत

मूल्य ताटात उतरते ते कसे, याचे एक थोर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी लहान वयातच त्यांना सोडून गेले. पुढे डेबूजी संसाराला लागले, मुलगी झाली. बारशाला मांस आणि दारूची पंगत देण्याची जातीची रूढी होती. डेबूजींनी ती मोडली आणि जमलेल्या मंडळींना गोडाचे शाकाहारी जेवण वाढले.

त्या काळात भाऊबंदांसमोर असे करणे सोपे नव्हते. पण आपल्या घराची राखरांगोळी कशाने झाली हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि आपल्या लेकीच्या वाट्याला ते येऊ नये ही त्यांची तळमळ होती. पंगतीतील पदार्थ बदलले ते या तळमळीमुळे. कोणत्याही पथ्याची खरी परीक्षा एकट्याच्या ताटावर होत नाही. ती चार माणसांच्या आग्रहासमोर होते. तिथे ‘डॉक्टरांनी नको म्हटले आहे’ हे वाक्य पटकन वाकते, कारण ते दुसऱ्याचे असते. ‘मला हिला उचलायचे आहे’ हे वाक्य सहज वाकत नाही.

वारकऱ्याची तुळशीची माळ हेच सांगते. माळ गळ्यात आली की मांस-मद्य सुटते आणि एकादशी लागते. वर्षानुवर्षांची सवय माणूस सोडतो, कारण तो कोण आहे याचे उत्तरच बदललेले असते.

संशोधनाची साक्ष

याला अनुभवाखेरीज शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी १९० स्थूल व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आहार-व्यायामाचे नेहमीचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला दोन गोष्टी शिकविल्या : आपली मूल्ये ओळखून त्यांच्याशी रोजची निवड जोडणे आणि खाण्याची ओढ आली तरी तिला न झगडता, न शरण जाता सोसणे. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ९.८ टक्के उतरले, दुसऱ्याचे १३.३ टक्के.

‘आता या वयात काय उपयोग?’ असे म्हणणाऱ्यांसाठी दुसरा दाखला. अमेरिकेतीलच मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, आहार आणि चालण्याने मधुमेह होण्याचे प्रमाण एकूण ५८ टक्क्यांनी घटले. साठी ओलांडलेल्यांत मात्र ते ७१ टक्क्यांनी घटले. म्हणजे सर्वाधिक लाभ ज्येष्ठांना झाला.

गुडघ्यांचे गणित तर फारच उत्साहवर्धक आहे. गुडघ्याचा संधिवात असलेल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात असे आढळले, की शरीराचे एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

मूल्यच आड येते तेव्हा

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पुष्कळदा आपली चांगली मूल्येच आपल्याला जास्त खायला लावतात.

आपल्यापैकी अनेकांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. खडी फोडून मिळालेली मजुरी, शाळेत वाटलेली सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, हे ज्यांनी अनुभवले त्यांच्या हातून अन्न टाकले जात नाही. हा संस्कार मोलाचाच आहे. परंतु नातवाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी उरलेला भात, ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून संपविलेली चमचाभर भाजी, हे सारे घरातील आजीच्या पोटात जाते. सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईचे ताट उरलेल्याने ठरते, भुकेने ठरत नाही.

म्हणून मूल्य सोडू नये, त्याची जागा बदलावी. अन्नाचा मान तोंडाशी राखण्याऐवजी मापाशी राखावा. एक मूठ तांदूळ कमी शिजवावा. नातवाला आधी अर्धी पोळी वाढावी. उरलेले झाकून दुसऱ्या वेळी वापरावे. गरजेपेक्षा जास्त खाल्लेले अन्नही वायाच गेलेले असते, फक्त ते उकिरड्याऐवजी कमरेवर जाते.

पाहुणचाराचेही तसेच. आग्रह हे प्रेमाचे रूप आहे; पण प्रेम दुसऱ्या जिलबीतच असते असे नाही. पाहुण्याच्या हाती ताकाचा पेला द्यावा, बसून त्याची विचारपूस करावी. आणि आपण पाहुणे असू तेव्हा पहिल्या घासाची मनापासून स्तुती करून हात आवरावा.

उपवासाबद्दलही बोलले पाहिजे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांची. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यात प्रथिने नावापुरतीच. त्यावर तूप, दाण्याचा कूट आणि बटाटा आला, की संयमाचा दिवस मेजवानीचा होतो. व्रताचे मूल्य संयम असेल, तर थोडी भगर, ताक, एखादे फळ आणि मूठभर शेंगदाणे त्या मूल्याच्या अधिक जवळ आहेत. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. साखर एकाएकी उतरली तर घाम येतो, हातपाय थरथरतात, भान हरपते. वृद्धांत तर पडून हाड मोडण्याची भीती असते.

वाक्यातून नेम, नेमातून ताट

मूल्याचे वाक्य भिंतीवर राहिले तर त्याचा सुविचार होतो. त्याचा नेम झाला पाहिजे. गुरुजींनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घेतले आणि मग चार नेम ठरविले.

पहिला, चहा. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दीड चमचा साखर. म्हणजे सहा चमचे, सुमारे ३० ग्रॅम साखर. ते आता दोन कप घेतात, साखरेविना. पहिले दहा दिवस कडू गेले, पुढे सवय झाली.

दुसरा, ताटाचा क्रम. आधी वाटीभर घट्ट वरण किंवा मुगाची उसळ आणि त्याबरोबर पालेभाजी, मग भाकरी. अंबाडी, करडई, मेथी, चवळी या आपल्याकडील भाज्या कमी तेलातही रुचकर होतात. रात्री दोन भाकरींची एक झाली, पण वरण-भाजी वाढल्याने पोट रिकामे राहिले नाही.

तिसरा, तेल. महिन्याचे तेल एकदाच मापून वेगळ्या बरणीत काढायचे. एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. ते फोडणीत कोणी मोजत नाही, बरणीत मात्र दिसते.

चौथा, उठाबशी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता, किंवा लागल्यास घेऊन, दहा वेळा उठायचे-बसायचे, सकाळ-संध्याकाळ. पत्नीला उचलायचे तर केवळ हलके होऊन भागणार नव्हते, मांड्यांत बळही हवे होते.

आपल्या भागात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि लातूरला प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून दूरवर पोहोचविलेला दोन वेळच्या जेवणाचा विचार अनेकांना ठाऊक आहे. काहींना तो मानवतो, काही महिन्याभरात सोडतात. पद्धत कोणतीही असो, तिच्यामागे आपले स्वतःचे ‘कशासाठी’ नसेल तर ती पाहुण्यासारखी येते आणि जाते. आणि औषधे चालू असणाऱ्या ज्येष्ठांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याविना बदलू नयेत.

ज्येष्ठांसाठी सावधगिरी

प्रत्येकाने वजन कमी करावे असे मुळीच नाही. प्रयत्न न करता सहा महिन्यांत किंवा वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरले, म्हणजे ६० किलोंचे ५७ झाले, तर आनंद मानू नये; तपासणी करून घ्यावी. सत्तरीनंतर कृश व्यक्तींनी खाणे वाढविण्याचाच विचार करावा.

ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनी घाई करू नये. सहा-आठ महिन्यांत पाच टक्के पुष्कळ झाले. कमरेचा घेर हा चांगला मापदंड आहे : आपल्याकडे पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर यापुढे धोका वाढतो. रोज शरीराच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिने मिळावीत, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वरण, उसळी, दही-ताक, दूध आणि चालत असल्यास अंडी यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. वजन उतरू लागले की साखरेच्या आणि रक्तदाबाच्या औषधांची मात्राही पुन्हा तपासून घ्यावी.

सेवा करणाऱ्यांशी दोन शब्द

घरातील ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्या लेकी-सुनांनो, मुलांनो, आपली तळमळ खरी आहे. परंतु ‘बाबा, तुम्ही ऐकतच नाही’ या वाक्याने आजवर कोणाचे वजन उतरलेले नाही. हातातील लाडू काढून घेतला तर लाडवाची इच्छा जात नाही, मान मात्र जातो. आणि मग तो लाडू चोरून खाल्ला जातो. ‘आमच्यासाठी तरी पथ्य पाळा’ असे म्हणणे हेही ओझेच आहे. आपले मूल्य आपण त्यांच्या रकान्यात लिहितो.

त्याऐवजी एखाद्या निवांत संध्याकाळी शेजारी बसून विचारा : “आई, अजून काय काय करावेसे वाटते तुला?” उत्तर अनपेक्षित असेल. कोणाला मांडी घालून देवपूजा करायची असते, कोणाला वेळ अमावस्येला स्वतःच्या पायांनी शेतात जाऊन भज्जी-आंबील खायची असते, कोणाला केवळ रात्री कोणाला न उठवता न्हाणीघरापर्यंत जायचे असते. त्या उत्तराला नेम कसा जोडता येईल ते त्यांनाच ठरवू द्या. मग घरातील सर्वांनी तेच जेवण जेवावे. ज्येष्ठांचे ताट एकटे पडू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना मात्र अशी प्रश्नोत्तरे झेपत नाहीत. त्यांच्यासाठी गोड पदार्थ नजरेआड ठेवणे, वाटी लहान घेणे, वेळेवर वाढणे हेच योग्य. आणि सेवा करणाऱ्याने स्वतःचे ताटही पाहावे. उभ्या-उभ्या खाल्लेले, जागरणाच्या चहाबरोबर गेलेले अन्न हिशेबात येत नाही.

नेम मोडला तर

मोडणार, हे धरूनच चालावे. पोळ्याच्या दिवशी गुरुजींनी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “सगळे मुसळ केरात.” मी म्हटले, “वर्गातील मुलाचे एक गणित चुकले, तर आपण त्याला शाळेतून काढीत होतात का?” ते हसले. त्या रात्री पुन्हा एक भाकरी, आधी वरण. पुढच्या सणाला पोळी एकच आणि चवीने. नेम मोडल्याचे प्रायश्चित्त उपाशी राहण्यात नाही. पुढच्या जेवणाला पुन्हा नेमावर येण्यात आहे.

आठ महिन्यांत गुरुजींचे वजन साडेचार किलोंनी उतरले. आकडा डोळे दिपविणारा नाही. पण प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे अठरा किलो ओझे कमी झाले, असे त्याचे गणित. साखर सुधारली, डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. वजन किती झाले हे त्यांनी मला विचारल्याशिवाय सांगितले नाही. आपण होऊन सांगितले ते हे : “आता हिला खुर्चीत बसवून ओसरीवर आणतो. सकाळचे ऊन मिळते तिला.”

वाचकहो, पुढील पंधरवड्यासाठी एवढेच करावे. एक कोरा कागद घ्या. ‘मला धडधाकट राहायचे आहे, कारण…’ एवढे लिहून पुढचे वाक्य स्वतःच्या शब्दांत पूर्ण करा. दुसऱ्याला दाखवण्यासाठी सुंदर लिहू नका, खरे लिहा. त्याखाली ताटाविषयी एकच नेम लिहा, आजच्या रात्रीच्या जेवणापासून पाळता येईल इतका लहान. कागद देवघरात, औषधांच्या डब्यात किंवा चष्म्याच्या घरात ठेवा. आणि पुढच्या वेळी कोणी आग्रहाने वाढायला येईल, तेव्हा तो कागद एकदा मनात वाचा.